तीन ठिपके, खाली एक रेघ

चतुराबाई परटीण मागच्या दाराने यायची आणि ती आली की आमचे हे गल्ल्यावरून उठून मागे यायचे. मी दिवसभर त्याच घरात वावरत असे. माझ्यासाठी ते गल्ल्यावरून उठल्याचं मला आठवत नाही.

सेलूला स्टेशनाच्या रस्त्यावर आमचं उपाहारगृह होतं. पुढे बसायची जागा, मागे आमचं घर, मध्ये स्वयंपाकघर. कापसाच्या हंगामात मुंबईचे दलाल यायचे, जिनिंग कारखान्याचे मिस्त्री यायचे, निजाम सरकारचे अंमलदार दौऱ्यावर असले की तेही यायचे. ह्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. ह्यांनी मुंबईला एकदा मेजावर पांढरी चादर आणि प्रत्येकाला वेगळा रुमाल पाहिला होता. ते डोक्यात घेऊन परत आले. सेलूत तेव्हा माणसं जेवली की धोतराला हात पुसत. लोक आम्हाला हसले. पण परगावचा माणूस एकदा आमच्याकडे बसला की दुसरीकडे जात नसे. कारण आमचे रुमाल. आणि रुमाल चतुराबाईचे.

ती मूळची ताडकळसची. लग्न होऊन सेलूला आली. नवरा भुजंग पटकीच्या साथीत गेला तेव्हा तिला दोन मुली होत्या, धाकटी अंगावर पिणारी. भुजंगाने पटकीच्या घरचं बोचकं इतर कपड्यांत मिसळलं होतं आणि ते धुऊन त्याच हातांनी भाकरी खाल्ली होती, असं ती सांगायची. तेव्हापासून तिच्या घरी आजाऱ्याचे कपडे वेगळ्या मडक्यात. धुवायचे ते दुधना नदीच्या खालच्या अंगाला, सगळ्यांच्या नंतर. आमच्या रुमालांना तिने आणखी एक मडकं राखलं होतं, त्यात दुसरं काही पडू देत नसे. पापडखाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफ द्यायची, नदीवर आपटायचे, मग परत वाफ. वाळत घालायचे ते दोरीवर. झुडपांवर किंवा वाळूत कधी नाही. दमट कपड्याची घडी तिने कधी घातली नाही. पावसाळ्यात दोन दिवस उशीर झाला तर होऊ दे, पण दमट घडी नाही.

"अण्णासाहेब, हात धुयाच्या जागी त्यो एकच टावेल दिवसभर लटकायलाय," ती एकदा ह्यांना म्हणाली. "दहा जनं त्यालाच तोंड पुसतेत. एकाचे डोळे आले की समद्यांचे येतेल. घंट्या-घंट्याला बदला. टावेल लागले तर मी देते धुऊन."

ह्यांनी त्याच दिवशी बारा टॉवेल आणवले. पुढे पावसाळ्यात सगळ्या सेलूचे डोळे आले, आमच्याकडे जेवणाऱ्यांपैकी दोघांचे फक्त. हे ज्याला त्याला सांगत सुटले, "आमच्या चतुरेची अक्कल बघा."

हीच गोष्ट मी दोन वर्षं सांगत होते. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत होते आणि मी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकले. दर शनिवारी सिस्टर आम्हाला कपडे उकळायला, निळीत घालायला, खळ द्यायला, इस्त्री करायला शिकवत. टॉवेलाबद्दल मी ह्यांना तीनदा सांगितलं होतं, तिन्ही तारखा माझ्या रोजनिशीत आहेत. तिन्ही वेळा हे "हो, बघू" म्हणाले होते.

आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा कुणाला बोलले नाही. ती रुमालांचा गठ्ठा आणायची, हे वरचा रुमाल उचलून नाकाशी धरायचे आणि डोळे मिटून श्वास घ्यायचे. "चतुरे, उन्हाचा वास आहे याला." ती पदर तोंडाला लावून हसायची. "उनाचाच हाय की मालक, माजा कुटला." ती काळीसावळी, हाडकुळी, समोरचा एक दात पडलेला. त्यात वावगं काही नव्हतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझ्या हातच्या वरणाला ह्यांनी कधी डोळे मिटले नाहीत.

घरातल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात तिची खूण होती. कोणतं कापड कुठल्या घरचं हे कळावं म्हणून परीट बिब्ब्याच्या रसाने खूण काढतात. धुतली तरी जात नाही, कापड फाटेपर्यंत राहते. आमच्या घरची खूण तिने ठरवलेली, तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. चादरींवर ती, उशांच्या अभ्र्यांवर ती, माझ्या माहेरच्या लुगड्याच्या काठाआडही ती. आम्ही शाळेत आपापल्या नावाचं अक्षर दोऱ्याने भरत असू. लग्नात मी सहा टॉवेलांवर माझं अक्षर भरून आणलं होतं. त्यांच्याही कोपऱ्यात तिचे ठिपके बसले.

सन १९४१च्या संक्रांतीनंतर नवं लाँगक्लॉथ आलं आणि अठ्ठेचाळीस रुमाल शिवून झाले. जिनिंगचे मालक बन्सीधर शेठ तहसीलदारांना आणि बाहेरच्या दलालांना आमच्याकडे मेजवानी देणार होते. हे म्हणाले, "चतुरेला बोलाव. खूण घालून, धुऊन आणू दे."

"ती ताडकळसला गेलीय माहेरी, गुरुवारपर्यंत येणार नाही," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. "मी करते."

"तुला जमेल?"

एवढंच विचारलं त्यांनी, साध्या मनाने. मला ते झोंबलं.

सोमवारी दुपारी मी कोनाड्यातले बिब्बे काढले. कोण्या बाळंतिणीसाठी आणलेले होते. चतुराबाई आमच्या ओट्यावर बसून खूण काढायची ते मी कितीदा पाहिलं होतं. बोटांना खोबरेल लावायचं, बिब्ब्याला काट्याने टोचायचं आणि टोकाने कापडावर काढायचं. मग ती कपडे बोचक्यात बांधून न्यायची. मी तसंच केलं. ठिपके नाहीत, रेघ नाही. प्रत्येक रुमालावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर, 'प्र', अंगठ्याएवढं, दिसेलसं. प्रमोदिनीचा प्र. संध्याकाळपर्यंत ते काळंभोर झालं. दुसऱ्या दिवशी साबणाने धुतले, खळ दिली, कडक इस्त्री केली. कॉन्व्हेंटमधल्या घडीसारखी तीनपदरी घडी घातली, अक्षर बरोबर वर येईल अशी. रोजनिशीत लिहिलं, 'रुमाल ४८, खूण माझी.'

गुरुवारी मेजवानी झाली. बन्सीधर शेठांना तोंड पुसायची भारी आवड. प्रत्येक घासाला ओठ, हनुवटी, मिशा. मी दाराच्या फटीतून पाहत होते. एका दलालाने रुमाल उलगडून अक्षरावर बोट फिरवलं आणि शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. मला वाटलं, सिस्टरनी हे पाहायला हवं होतं.

शनिवारी शेठजी उपरण्याने अर्धं तोंड झाकून आले. उपरणं काढलं तर ओठ कचोरीसारखे फुगलेले आणि हनुवटीवर पाण्याने भरलेले फोड.

"अब बोलो, अण्णासाहेब," ते कसेबसे म्हणाले. "तुमच्या रुमालानं ही हालत केली. तहसीलदारसाहेबांचा गाल बघा जाऊन. दोन दलालांचे हात सुजले. त्या परटिणीनं देवीच्या घरचे कपडे तुमच्या कपड्यांत घातले, सगळी पेठ म्हणते."

माळी गल्लीत त्या महिन्यात एका घरी देवी आल्या होत्या, आणि त्या घरचे कपडे चतुराबाईच धूत असे.

हे मागे आले. "हे रुमाल तू धुतलेस ना? काही वेगळं केलंस का?"

माझ्या मनगटावर मंगळवारपासून पुरळ होतं आणि ते साबणाने आलं असं मी म्हणत होते. शेठजींची हनुवटी पाहिली आणि मला कळलं. मी बांगड्या खाली ओढल्या.

"मी? मी फक्त शाईने अक्षर घातलं आणि इस्त्री केली," मी म्हणाले. "मंगळवारी तिची थोरली पोर धुवायला घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी आणून दिले."

पोर आली नव्हती. एवढं सरळ खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्या शनिवारचं रोजनिशीचं पान कोरं आहे. माझ्या सगळ्या वह्यांत कोरं पान ते एकच.

ती त्याच दुपारी आली, ताडकळसहून परतून, काही ठाऊक नसताना. हे मागच्या दारात उभे राहिले आणि पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले.

"देवीच्या घरचं आमच्यात घातलंस? तुझ्यावर भरवसा ठेवला मी!"

"म्या?" ती म्हणाली. "मालक, माजा नवरा कशानं गेला ते तुमाला ठावं हाय. देवीच्या घरचं मी येगळ्या मडक्यात, खालच्या धारंला धुते. अन् तुमचे रुमाल मी पाहिलेबी न्हाईत, मी गावाला व्हते की."

"तुझी पोर घेऊन गेली होती."

"कोन म्हनतंय?"

हे दारातून वळले. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले आणि पुढे निघून गेले.

मी दाराआड होते. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. खूप दिवस टोचणारा काटा निघावा तसं.

चतुराबाई गेली नाही. दोरीवर वाळत असलेला एक रुमाल तिने ओढून घेतला, नाकाशी धरला, जसा हे धरायचे तसाच. मग 'प्र' पाहिला. मग माझ्या बांगड्यांकडे.

"बाईसाहेब, चुना लावला व्हता का?"

"कसला चुना?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, कसला चुना म्हनतेत! बिब्ब्याची खून काढली की वरून वला चुना लावतेत, उनात ठिवतेत, मग दोन भट्ट्या देतेत. तवा त्यो निवतो. न्हाईतर वाळलेला दिसला तरी उततो. ते मी घरी करते, तुमाला कुटून दिसंल? आन् यवढं मोठं कोन काढतंय, तोंड पुसायच्या जागी? जळालं त्यांचं तोंड."

मी दोरीवरचे रुमाल गोळा करू लागले.

"मालकाला तुमीच सांगा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सांगितलं तर परटीण मालकिणीवर ढकलायली म्हनतेल. पर लवकर सांगा. शेठजीचं नाव घेऊन समदी पेठ कपडे द्यायचं बंद करंल. मला दोन पोरी हायत, भट्टी थंडी पडून चालायचं न्हाई."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या अक्षराचे रुमाल मी कपाटात दडवले आणि बाकीचं धुणं स्वतःकडे घेतलं. मोठ्या पातेल्यात जुने रुमाल उकळले, नीळ घातली, खळ दिली. शाळेत मी या विषयात पहिली होते. पण शाळेत आठ रुमाल असत आणि ते मुलींनी हात पुसलेले असत. इथे तूप होतं, हळद होती, आमटीचे डाग होते. सगळं पिवळट निघालं. निळीने कुठे कुठे आभाळाचे तुकडे पडल्यासारखं झालं. खळीला आंबूस वास आला. हे पुढच्या खोलीत एक रुमाल उचलून नाकाशी नेताना मला दिसले. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी देवळात बायका म्हणाल्या की मारवाड्यांनी आणि माळी गल्लीनेही चतुराबाईचं धुणं बंद केलं. थोरल्या पोरीला तिने कापूस वेचायला लावलंय. मी देवाला फूल वाहिलं आणि घरी आले. रोज ठरवायचे, जेवण झालं की सांगेन. जेवण झालं की हे आडवे व्हायचे आणि मी म्हणायचे, झोपू देत.

नवव्या दिवशी सकाळी मी वरच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे बोरी गावच्या चंद्रभानची खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, सतरंजीवर पंगत, पाणी एकाच तांब्याने. त्याच्या दारात सुतळी ताणलेली होती आणि सुतळीवर दहा रुमाल. ते इतके पांढरे होते की उन्हात त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कोपऱ्यात बारीक खूण. इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण मला दिसली.

चंद्रभान रस्त्यातूनच ह्यांना हाक मारत होता. "अण्णासाहेब! आमीबी रुमाल ठिवलेत हां आता! तुमीच शिकवलं सेलूला!"

"त्या रोगट परटिणीकडून?" हे म्हणाले.

"रोगट कशाची वो! आमच्या बोरीतलं शेंबडं पोरगं सांगंल, शेठजीच्या तोंडावर बिब्बा उतलाय. फोड आन् देवी येगळं दिसत न्हाई व्हय? कोनाचा हात व्हता ते चतुराबाई सांगंना. मी दहादा पुसलं. म्हनती, मालकाच्या घरची गोष्ट हाय, मी तोंड उघडनार न्हाई. बरं झालं, आमचा फायदा!"

मी खिडकीतून मागे सरले. तिची पोर रानात राबत होती याचं मला वाईट वाटलं होतं, पण तेवढ्याने माझं तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं. ती गप्प राहून मोठी ठरली होती आणि तिचा तो पांढरेपणा चंद्रभानच्या सुतळीवर लटकत होता. हे मला सहन होईना. कारण असं होतं, दुसरं चांगलं कारण मी बनवून सांगणार नाही.

ह्यांना पान वाढलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सोमवार, बिब्बे, अक्षर, मंगळवारची पोर. बांगड्या वर करून मनगट दाखवलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "चुना नाही लावलास?" ते म्हणाले.

म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. सेलूत चुन्याचं ठाऊक नसलेली मी एकटीच होते.

"मी तिला दारात उभं करून ओरडलो," ते म्हणाले. मग घास पानात परत ठेवून, "आता तूच जा. मी नाही येणार."

मी दुधनेवर त्यापूर्वी कधी गेले नव्हते, आमच्या घरच्या बायका परीटघाटावर जात नसत. चतुराबाई गुडघाभर पाण्यात उभी होती, एकटीच. मला पाहून तिने कपडा आपटणं थांबवलं नाही.

"सांगितलं मी," काठावरून मी म्हणाले.

"नऊ दिस लागले."

"हो."

"माज्या थोरलीचे हात बघा जाऊन, बोंडानं चिरलेत." तिने कपडा पिळला. "मालकाला सांगून काय व्हतंय, बाईसाहेब? पेठंला कोन सांगनार?"

"हे शेठजींकडे जातील."

"शेठजी पुरुष मानूस, त्यो कोनाला सांगनार हाय? शेठानीला सांगा. उद्या त्यांच्या घरी हळदीकुंकू हाय, समद्या बाया येतेल. तिथं सांगा, मोठ्यानं."

मला वाटलं ती सूड घेतेय. घेत असेल तर तिचा हक्कच होता. मी गेले. दहा-बारा बायका बसल्या होत्या. वाण हातात घेतल्यावर मी सांगितलं की फोड देवीचे नाहीत, बिब्ब्याचे आहेत आणि बिब्बा माझ्या हातचा आहे. तिळगूळ खाणाऱ्या बायकांची तोंडं थांबली. शेठाणी माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली.

"तरीच म्हणते बाई! आठ दिवस ह्यांना ओठ हलवता येत नव्हते, घरात इतकी शांतता कधी नव्हती. आणखी एखादा रुमाल असला तर द्या!"

दिवस मावळायच्या आत सगळ्या पेठेला कळलं. त्यानंतर कित्येक महिने बायका मला पाहून हनुवटीला हात लावायच्या.

चतुराबाई परत आली, पण दोन गोष्टी आधी सांगून. खूण ती काढील, मी नाही. आणि चंद्रभानचे दहा रुमाल ती सोडणार नाही. "त्यानं वाईट येळंला काम दिलं, त्याचं बंद करनार न्हाई." ह्यांनी मान डोलावली. मी काही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

माझ्या अक्षराचे अठ्ठेचाळीस रुमाल मी जाळायला काढले होते. ते तिने माझ्या हातातून काढून घेतले. "नवं कापड जाळतेत का?" प्रत्येक अक्षरावर चुना थापून चार दिवस उन्हात, मग तीन भट्ट्या. परत आणले तेव्हा 'प्र' तांबूस तपकिरी झाला होता आणि त्याच्याखाली, अगदी काठाला, तीन ठिपके आणि एक रेघ. पहिला रुमाल तिने स्वतःच्या तोंडावर फिरवून दाखवला, मग माझ्या हातात दिला. मीही फिरवला. काही झालं नाही.

ती पुढे सात वर्षं आमचं धुणं करत होती. त्यातल्या दोन साथींत आमच्या उपाहारगृहात जेवून कुणी आजारी पडलं नाही. अठ्ठेचाळीस साली धामधुमीत आम्ही दुकान बंद करून गेलो आणि पोलिस ॲक्शननंतर परतलो, तर कुलूपबंद कपाटातल्या चादरी वाळवीने खाल्लेल्या होत्या. ज्या चादरी तिच्याकडे धुवायला होत्या, तेवढ्या मात्र घडी करून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या मिळाल्या. दोन्ही मुलींची लग्नं तिने त्या भट्टीवर केली. मी दोन्ही लग्नांना गेले होते.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. चुना दिलेले रुमाल घेऊन ती मागच्या दारात आली आणि आमचे हे गल्ल्यावरून उठून आले. वरचा रुमाल उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले.

"चतुरे, उन्हाचा वास आहे गं."

"चार दिस उनात व्हते, मालक. बाईसाहेबांच्या कृपेनं."

दोघं हसले. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.